सायकलवरचा पिलेला माणूस कायद्याला मेल्यावरच दिसतो

चार्जिंगच्या गाडीवर पिऊन बसलं तर केस होते का?

पंधरा दिवसांत हा प्रश्न मला तिघांनी विचारला. एकाने चहाच्या टपरीवर, एकाने तहसीलच्या पायरीवर आणि तिसऱ्याने रात्री साडेदहाला फोनवर. तिसऱ्याच्या आवाजावरून कळत होतं की प्रश्न नुसत्या ज्ञानासाठी नाही. छोट्या गावात पत्रकाराला लोक अर्धा वकील समजतात. मी वकील नाही, पण कायद्याचं पुस्तक उघडून बघता येतं. ते उघडल्यावर विषय चार्जिंगच्या गाडीपुरता राहिला नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. निवांत वाचा, आणि पटलं नाही तर खाली भांडा.

ज्याला आपण ड्रंक अँड ड्राइव्ह म्हणतो ते मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड २ हजारांपर्यंत होता. सिग्नल तोडल्यासारखी पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. (आपल्या गावात सिग्नल किती दिवस चालू असतात हा वेगळा विषय.) अटक केली तर २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, नाही झाली तर त्या माणसाला सोडावं लागतं, हे त्याच कायद्याचं कलम २०२. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं आणि माहीत नसलेल्याशी तडजोड करणं सोपं असतं, एवढंच बोलून पुढं जातो.

पण कलम १८५ ज्याच्यावर लागतं त्याच्या बुडाखाली ‘मोटार वाहन’ पाहिजे. मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने रस्त्यावर चालणारं वाहन. सायकल पायाने चालते. म्हणजे एखादा बाप्या देशीची क्वार्टर रिचवून सायकलवर सोलापूर-धुळे हायवेला, आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५२ ला, नागमोडी चालला असेल तर त्याच्यावर १८५ लागतच नाही. फुंकायची मशीन त्याच्या तोंडाला लावून उपयोग नाही.

मग त्याला कायदाच नाही का? आहे, पण तो ट्रॅफिकचा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे ‘कोणतंही वाहन’ हाकणाऱ्याला लागतं, त्यात सायकलही आली, बैलगाडीही आली. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजारापर्यंत दंड. कलम ३५५ दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास देणाऱ्याला लागतं. त्यात २४ तासांपर्यंत साधी कैद, १ हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. जुन्या भारतीय दंड संहितेत याच गुन्ह्याचा दंड १० रुपये होता! आणि तिसरा, पोलिसांचा खरा हातखंडा, महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८५. कागदावर आपल्या राज्यात दारू प्यायला आजही परवाना लागतो, हे विसरू नका. परवाना कुणाकडे असतो ते तुम्हीच सांगा.

म्हणजे सायकलवाला झिंगलेला सापडला तर तो ‘सायकल चालवत होता’ म्हणून नाही, तर ‘पिलेला होता’ म्हणून आत जातो. पायी चालणाऱ्या बेवड्यात आणि त्याच्यात कायदा फरक करत नाही. एका अर्थाने बरोबरही आहे. आमच्या आधीच्या पिढीला सायकलचा कायदा चांगला ठाऊक होता. नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा, रात्री दिवा नसला की हवालदार हवा सोडायचा, डबलसीट दिसलं की खाली उतरवायचा. बिल्ला गेला, दिवा गेला आणि सायकलकडे बघायची सरकारची नजरही गेली.

आता चार्जिंगच्या गाडीकडे येऊ. इथं सगळा घोळ आहे.

लोकांची समजूत अशी की पेट्रोल नाही म्हणजे कायदा नाही. एक जण मला म्हणाला, “भैय्या, हिला पासिंग नाही, लायसन नाही, नंबर नाही. मग हिला कुठला कायदा लागायलाय?” त्याला दुकानदाराने हेच सांगून गाडी विकली होती. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यापायी माणूस जास्त फसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम २ मध्ये, बॅटरीच्या वाहनाला सूट आहे. पण ती अटींवर आहे. मोटारची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी पाहिजे. वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी पाहिजे. वजनाचीही मर्यादा आहे. पायंडल मारायची इलेक्ट्रिक सायकल असेल तर २५ च्या वेगाला मोटारने आपोआप बंद पडायला पाहिजे. आणि हे सगळं दुकानदाराने तोंडी सांगून चालत नाही, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने त्या मॉडेलला तसं प्रमाणपत्र दिलेलं पाहिजे. एवढं असेल तरच ती गाडी ‘मोटार वाहन’ नाही. मग तिला पासिंग नाही, लायसन नाही, विमा नाही, आणि १८५ पण नाही. कायद्याच्या नजरेत ती सायकलच.

आणि यातली एक अट जरी तुटली तर? तर ती सरळ मोटार वाहन. ज्या गाड्यांना हिरवी नंबर प्लेट असते, एमएच २३ किंवा अंबाजोगाईकडची एमएच ४४, त्यांच्याबद्दल शंका नकोच. पिऊन बसलात की बुलेटवाल्याला लागतं तेच कलम तुम्हाला. खरा प्रश्न बिनानंबरच्या, पण ४०-४५ ने पळणाऱ्या गाड्यांचा आहे. वेगाची वायर काढली, कंट्रोलर बदलला, की २५ ची गाडी ४५ ची होते. हे मी एकटा म्हणत नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्तालयानेच अशा बेकायदा बदल केलेल्या गाड्यांवर मोहीम काढायला सगळ्या आरटीओंना सांगितलं होतं. मोहीम आली तशी गेली. गाड्या राहिल्या.

२५ आणि ४५ मध्ये काय एवढा फरक, असं वाटेल. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ चे ४५ झाले की जोर तिपटीहून जास्त होतो. त्यात ही गाडी आवाज करत नाही. संध्याकाळी अंधारात शतपावलीला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला मागून ती ऐकूच येत नाही. चालवणारा पिलेला असेल तर पुढचं सांगायला नको.

आता त्या म्हाताऱ्या माणसाचं बघा, कारण या सगळ्यात त्याचा विचार कुणीच करत नाही. मोटारसायकलने उडवलं तर त्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. आपल्या कोर्टात एमएसीटीच्या केसेस कशा चालतात ते बघितलेल्यांना माहीत आहे, उशीर लागतो, पण विमा कंपनीकडून पैसे निघतात. खऱ्याखुऱ्या २५ च्या गाडीने उडवलं तर तो दरवाजाच उघडत नाही, कारण ते न्यायाधिकरण ‘मोटार वाहना’च्या अपघातासाठी आहे. मग दिवाणी दावा करा, वर्षानुवर्षं फिरा. आणि वायर काढलेल्या गाडीने उडवलं तर ती मोटार वाहन ठरते, दरवाजा उघडतो, पण आत विमा कंपनी नसते. विमाच काढलेला नाही तर येणार कुठून? भरपाई गाडीमालकाच्या बोकांडी. गाडी हजारांतली आणि भरपाई लाखांतली. जी गाडी ‘कटकट नाही’ म्हणून घेतली ती एका रात्रीत सातबाऱ्यापर्यंत पोचू शकते. दुकानदार हे सांगतो का? ज्यांनी घेतली त्यांनी खाली लिहा.

माझं मत सांगतो. ज्या गाडीला मूठ पिळली की पळायची सोय आहे, पायाचा काही संबंध नाही, तिला दारूच्या आणि विम्याच्या बाबतीत मोटार वाहनच धरायला पाहिजे, मग ती २५ ची का असेना. लायसन-पासिंगची सूट ठेवा, माझी हरकत नाही. शाळेच्या मास्तरणी, दवाखान्यात जाणारे म्हातारे, दुकानात काम करणाऱ्या मुली यांना त्या सुटीचा फायदा आहे आणि तो राहू द्या. पण थर्ड पार्टी विमा सक्तीचा करा आणि १८५ मध्ये दुरुस्ती करा. हे दिल्लीचं काम आहे, मान्य. आपल्या आरटीओचं काम मात्र इथलं आहे. रस्त्यावर पोराला अडवण्याआधी दुकानात जाऊन प्रमाणपत्र बघा. रस्त्यावर एक गाडी पकडली जाते, तेवढ्यात दुकानातून दहा बाहेर पडतात.

पायी मारायच्या सायकलला मात्र हे लावू नका. इथं माझे काही मित्र चिडतील. ते म्हणतात, दारू ती दारू, सायकल काय आणि स्कॉर्पिओ काय. तसं नाही. १० हजार म्हणजे किती? २०२५-२६ चा रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये आहे. भागाकार करा, ३२ दिवसांची मजुरी. आपल्या जिल्ह्यात सायकलवर राहिलंय कोण? ज्याला मोटारसायकल परवडत नाही तो. सालगडी, वॉचमन, कारखान्यावरून पट्टा पडल्यावर घरी आलेला तोडकरी. तो पिऊन सायकलवर बसला तर धोका पहिल्यांदा त्याच्याच जिवाला आहे. त्याला १८५ लावली तर तो पिणं सोडणार नाही, उसनवारी करून दंड भरेल आणि पुढच्या वेळी भाच्याची मोटारसायकल मागेल. तो दुसऱ्याचाही जीव घेईल.

बाहेरच्या देशांतही यावर एकमत नाही. जर्मनीत गाडीवाल्याला ०.५ प्रतिहजारपासून दंड सुरू होतो, सायकलवाल्याला १.६ वर गुन्हेगार धरतात. नेदरलँड्समध्ये, जिथं माणसांपेक्षा सायकली जास्त, तिथं दोघांना मर्यादा एकच. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवर कडक हात उचलला. थोडी पिऊन चालवली तरी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड, आणि पिलेल्याला सायकल देणारा व त्याला दारू पाजणाराही त्यात सापडतो. हा शेवटचा भाग मला विचार करण्यासारखा वाटतो. आपल्याकडे पाजणाऱ्याला कुणी हातही लावत नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून सांगितलं. मार्च २०१७ मध्ये २० हजारांच्या आतल्या लोकवस्तीला ते अंतर २२० मीटर केलं आणि पुढे नगरपालिका हद्दीला मोकळीक मिळाली. २२० मीटर सायकलवर जायला एक मिनिट पुरतं.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं ती.

जिवंत आहे तोवर सायकलवरचा पिलेला माणूस कायद्याच्या खिजगणतीत नसतो. त्याला अडवून, सायकल रात्रीपुरती चौकीत लावून, घरी सोडायची पद्धत आपल्याकडे नाही. हायवेला सर्व्हिस रोड नसतो, गावाच्या तोंडाला दिवा नसतो. पण तोच माणूस कंटेनरखाली गेला की सरकारला अचानक तो पिलेला होता हे दिसतं. कुठं? तर त्याच्या बायकोने भरलेल्या अर्जावर.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. आधी ही विमा योजना होती, २०२३ मध्ये विमा कंपन्यांना बाजूला करून सरकारने थेट अनुदान केलं, ते चांगलंच केलं. ज्यांचं नाव योजनेला आहे ते आपल्या जिल्ह्याचे, आणि ३ जून २०१४ ला दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातातच गेले. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो, निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. आणि मदत न मिळण्याच्या कारणांच्या यादीत आत्महत्या, नैसर्गिक मृत्यू यांच्याबरोबर एक ओळ आहे, अमली पदार्थांच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात.

या ओळीत आकडा नाही. १८५ मध्ये ३० मिलिग्रॅम आहे, इथं नुसता ‘अंमल’. किती पिली म्हणजे अंमल? आणि ठरवणार कशावरून? पंचनाम्यात ‘तोंडाला दारूचा वास’ एवढे तीन शब्द आले की विधवा बाईच्या पोटात गोळा येतो. वास तर एका घोटानेही येतो. मागून कंटेनरने उडवलेल्या माणसाने एक घोट घेतला होता का बाटली, याने अपघातात काय फरक पडला, हे कोण बघणार?

याच प्रश्नावर आपल्या राज्यातलीच प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली आहेत. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने रात्री माणसांना धडक दिली. चालवणारे पेसिकाका हे त्या वेळी मुंबईचे प्रादेशिक परिवहन अधिकारी. होय, खुद्द आरटीओ! तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांचं म्हणणं, मी अल्कोहोल असलेलं औषधी टॉनिक घेतलं होतं. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची दारूबंदीखालची शिक्षा रद्द केली. मनाई असलेली दारूच पोटात होती हे सरकारने सिद्ध करायचं, आरोपीने नाही, असं ते सगळं प्रकरण गेलं. त्यानंतर १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा आला, ०.०५ टक्के. पुढे १९७१ मध्ये बचूभाई करियानी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं, की वास येतो, झोक जातो, बोलणं अडखळतं, एवढ्यावर दारू पिल्याचं पक्कं धरता येत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी पाहिजे.

आता मला सांगा, आरटीओ साहेबांना वासावरून दोषी धरता येत नाही, जिवंत ड्रायव्हरला धरता येत नाही, मग मेलेल्या शेतकऱ्याला वासावरून कसं धरायचं? तो तर उठून सांगूही शकत नाही की टॉनिक होतं.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती दिल्लीची नाही, मुंबईची आहे. योजनेच्या शासन निर्णयात त्या ओळीपुढे आकडा लिहा. रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात रक्तात अमुक मिलिग्रॅमच्या वर निघालं तरच मदत नाकारता येईल, नुसत्या पंचनाम्यातल्या वासावर नाही. आणि मयत पायी किंवा सायकलवर असेल, धडक दुसऱ्या वाहनाने दिली असेल, तर ही अट लावूच नका. जो कायदा जिवंतपणी त्याला ‘वाहन चालवणारा’ म्हणत नाही, त्याने मेल्यावर त्याला दारुड्या ड्रायव्हरच्या रांगेत उभं करू नये. कुणी म्हणेल, यानं पिणाऱ्यांना उत्तेजन मिळेल. २ लाखांसाठी कंटेनरखाली कोण जातं?

आपले आमदार अधिवेशनात याच्यापेक्षा बारीक विषयांवर लक्षवेधी लावतात. ही लावायला हरकत नाही. मसुदा पाहिजे असेल तर मी लिहून देतो, फुकट.

ज्यांच्याकडे चार्जिंगची गाडी आहे त्यांनी आज एवढं करा. गाडीवरची पाटी बघा, वॅट किती लिहिलेत. दुकानदाराकडून तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागा. नाही म्हणाला तर समजून घ्या की तुमच्याकडे बिनाविम्याचं मोटार वाहन आहे, आणि पिऊन सापडलात तर १८५ आहेच. रात्री साडेदहाला फोन करणाऱ्या मित्रा, तुझंही उत्तर यात आलं. त्या दिवशी गाडी तिथंच लावून पायी गेलास, ते ठीक केलंस.

आणि ज्यांच्या घरात असा अपघात होऊन योजनेची फाईल दारूच्या कारणावरून परत आली असेल, त्यांनी नामंजुरीच्या पत्राचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवा. आष्टी-पाटोद्यापासून परळीपर्यंत कुठल्याही तालुक्याचा चालेल. नाव-गाव कुठंही छापणार नाही. पत्रात रक्ताचा आकडा लिहिलाय की नुसता वास, एवढंच मला बघायचंय.